चौथा बन्सीलाल

१

चोरीला गेलं ते एक रजिस्टर. निळ्या कापडी पुठ्ठ्याचं, दोनशे पानी, त्यातली पहिली तीनच पानं भरलेली. त्याच कपाटात वरच्या फळीवर लॅपटॉप होता आणि खालच्या फळीवर एचआयव्ही तपासणीच्या किटांचा खोका. दोन्ही जागेवर होते. कुलूपसुद्धा व्यवस्थित लावलेलं होतं.

"चोराला वाचनाची आवड दिसते," हिलाल आप्पा म्हणाले.

आकाश हसला नाही. गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला त्याने कपाट उघडलं होतं, आता शुक्रवारची सकाळ होती, आणि मधल्या काळात तो झोपलेला दिसत नव्हता.

आकाश एरंडोलचा. चार वर्षांपासून तो धुळ्याच्या एका कॉलेजातून पीएच.डी. करत होता. प्रबंधाचं नाव 'खानदेशातील समलिंगी व उभयलिंगी पुरुष : सामाजिक जीवन आणि आरोग्य तपासणीस होणारा विलंब'. त्याचे मार्गदर्शक हे नाव कधी पूर्ण उच्चारत नसत. ते 'तो विषय' म्हणत. अडतीस पुरुषांनी आकाशशी तासन् तास बोलून आपलं आयुष्य त्याच्या हवाली केलं होतं. प्रबंधात ते एक ते अडतीस असे क्रमांक होते. कोणता क्रमांक कोणाचा, हे फक्त त्या रजिस्टरात होतं: नाव, गाव, तारीख, तपासणी केली की नाही. फोन नंबर नव्हते. घरी फोन कोण उचलेल याचा भरवसा नसतो, हे आप्पांनीच सुचवलं होतं.

"उद्या अकराला धुळ्यात नीतिसमिती बसणार," आकाश म्हणाला. "रजिस्टर दाखवायचंय. नसलं तर प्रबंध बंद, केंद्रही बंद. ते एक वेळ चालेल, आप्पा. पण मी प्रत्येकाला सांगितलंय, ही वही या कपाटाबाहेर जाणार नाही. अडतीसातल्या सव्वीस जणांची लग्नं झालीत. ते आज निवांत कामावर गेले असतील."

आप्पांनी मान हलवली. एकोणतीस वर्षं ते एसटीच्या मार्ग तपासणी पथकात होते. जळगाव-धुळे रस्त्यावर मध्येच गाडी थांबवून चढायचं आणि कोणाकडे तिकीट नाही हे चेहरे बघून ओळखायचं, हा त्यांचा धंदा. आता वय एकसष्ट, लग्न केलेलं नाही. का नाही, हे विचारायचं नातेवाइकांनी पंधरा वर्षांपूर्वी सोडून दिलं. केंद्रावर नवा माणूस तपासणीला आला, की त्याच्याबरोबर बसून इकडचं-तिकडचं बोलायचं काम त्यांच्याकडे होतं. प्रबंधात ते क्रमांक अकरा होते.

केंद्र म्हणजे जळगावच्या पिंप्राळ्यात पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. बाहेर 'पुरुष आरोग्य सल्ला केंद्र' अशी बेताच्या अक्षरांतली पाटी. जळगावात अकरा घरमालकांनी आकाशला नकार दिल्यावर गिरणीच्या नानांनी आपणहून जागा देऊ केली होती. "खाली चक्की चालू असली की वरचं बोलणं कोणाला ऐकू जात नाही," ते म्हणाले होते. "तुम्हाला बरं पडेल." आणि खरंच बरं पडलं. येणारा प्रत्येक जण हातात गव्हाचा डबा घेऊन यायचा. घरी सांगायचं, दळण टाकून येतो. डबा खाली ठेवायचा, आपण वर जायचं, तासाभराने पीठ घेऊन घरी. पिंप्राळ्याच्या चार कॉलन्यांत या माणसांची 'घरकामाला मदत करणारे नवरे' म्हणून ख्याती होती.

"कपाटाची किल्ली?"

"कॅलेंडरच्या मागे."

"कोणाकोणाला ठाऊक?"

"सगळ्यांना," आकाश म्हणाला. "ती गुप्त जागा आहे."

आप्पांनी कपाट उघडलं. चक्कीचं पीठ या दोन खोल्यांत हवेसारखं होतं. खुर्चीवर, फायलींवर, आकाशच्या चष्म्यावर. वरच्या फळीवर पिठाचा पातळ थर. खालच्या फळीवर तसाच थर. मधल्या फळीवर, जिथे रजिस्टर होतं, काहीच नाही. फळी लख्ख होती.

"पुरावा पुसला," आकाश म्हणाला.

आप्पांनी फळीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिले. पुरावा पुसणारा माणूस घाईत असतो. घाईतला माणूस कोपरे पुसत नाही. इथे कोपरे पुसलेले होते.

२

समुपदेशक वृषाली सकाळी लवकर एकदा येऊन गेली होती, ती दहाला परत आली. गुरुवारी आकाश आईकडे एरंडोलला गेला असताना केंद्रावर ती एकटीच होती.

"चार ते पावणेपाच मी आतल्या खोलीत होते, एकाशी बोलत. दार लावलेलं. कपाट बाहेरच्या खोलीत. कोणी आलं असेल तर मला दिसलं नसतं."

"ऐकू आलं असतं?"

"एरवी नाही. पण काल..." ती थांबली. "सव्वाचारला चक्की बंद पडली. समोरचा माणूस एकदम कुजबुजायला लागला. वीस-पंचवीस मिनिटांनी परत सुरू झाली. त्या वेळात बाहेर पावलं वाजली खरी. पण चपला नव्हत्या. अनवाणी कोणीतरी."

"बाहेर आलीस तेव्हा?"

"रुपचंदभाऊ बसले होते. यावलचे. एकटेच, कपाटासमोर. त्यांची वेळ नव्हती काल."

आप्पांनी कचऱ्याच्या टोपलीत डोकावलं. तळाशी कापसाचा एक बोळा होता, त्यावर रक्ताचा ठिपका.

"आज सकाळी कोणी तपासणीला आलं होतं?"

"हो."

"कोण?"

"आप्पा," वृषाली शांतपणे म्हणाली, "तुमची तपासणी मी कोणाला सांगते का?"

हा प्रश्न तिथेच संपला. आप्पा खाली उतरले.

गिरणीत नानांच्या पत्नी पुष्पाबाई एका माणसावर ओरडत होत्या. नाना महिन्यातून एकदा धुळ्याला चक्कीचा पट्टा आणायला जात, तेव्हा सगळा कारभार पुष्पाबाईंच्या हातात. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे ओरडणंही तिकडचं.

"दाना पडाना पहिले बटन दाबू नका, कितला डाव सांगू? रिकामी फिरनी तं दगड दगडले खास!" मग आप्पा दिसले. "या आप्पा. काय व्हयनं? पोरगं सकाळपाईन तोंड पाडीसन फिरी राहिनं."

"वरची एक वही सापडत नाही. काल चक्की बंद पडली होती म्हणे?"

"पट्टा निसटना व्हता."

"मग?"

"मग काय, बसाडा परत. नाना कालदिन धुळे गयात नवा पट्टा लेवाले. आज येतीन." त्यांनी चाळणी उचलली. डाव्या हाताच्या बोटाला कापूस गुंडाळलेला होता.

"बोटाला काय झालं?"

"चाळणीनी तार लागनी."

आप्पा पायऱ्यांपाशी थांबले. खाली पुष्पाबाईंच्या चपला काढलेल्या होत्या. पिठात चप्पल घालून फिरायचं नाही हा गिरणीचा नियमच होता. त्यात विशेष काही नव्हतं. तेवढ्यात रस्त्यावर एक जीप थांबली आणि आतून रुपचंद उतरला. हातात डबा नव्हता. पिंप्राळ्यात तो पहिल्यांदाच डब्याशिवाय येत होता.

३

रुपचंद यावलचा केळीचा व्यापारी. तीन आठवड्यांनी तो नगरपालिकेला उभा राहणार होता. शर्ट इतका पांढरा, की गिरणीत शिरल्यावर पीठ शर्टाचं की शर्ट पिठाचा हे कळेनासं झालं.

आप्पांनी त्याला समोरच्या टपरीवर नेलं. चहा आला.

"काल चारला कपाटासमोर बसला होतास."

"चार नाही, पावणेपाचला पाच-सात मिनिटं होती. चक्की परत सुरू झाली तेव्हा मी जिना चढलो." रुपचंदने बशी खाली ठेवली. "वही गेली ना? सकाळी आकाशचा चेहरा बघितला जीपमधून, तेव्हाच समजलो. तुम्ही मला विचारून राह्यले, म्हणजे मीच घेतली असं तुम्हाला वाटते."

"तुझी निवडणूक आहे. तुझं नाव त्या वहीत आहे."

रुपचंद हसू लागला. आधी थोडा, मग पोट धरून. टपरीवाला वळून बघायला लागला.

"आप्पा, त्या वहीत माझं नाव नाही हो. आकाश बिचारा पेन घेऊन बसला, नाव सांगा म्हणे. मी काय वेडा आहे का? मी सांगितलं वना."

"कोण वना?"

"माझ्यासमोर उभा राहून राह्यला तो. वॉर्ड क्रमांक सात." त्याने डोळे पुसले. "काल खरंच बसलो होतो मी त्या कपाटासमोर. किल्ली कॅलेंडरमागं, खोलीत कोणी नाही. म्हटलं ही यादी बाहेर गेली, तर वना घराबाहेर पडत नाही, आणि आपण बिनविरोध. पाच मिनिटं विचार केला."

"मग?"

"मग म्हटलं, वनाबरोबर बाकीचे सदतीस आहेत." त्याने चहा संपवला. "आणि वृषालीताई बाहेर आली. खरं सांगतो, दोन्ही कारणं होती."

आप्पांना त्याचं म्हणणं पटलं. स्वतःविषयी इतकं वाईट बोलणारा माणूस सहसा खरं बोलत असतो. पण पटल्याबरोबर त्यांच्या डोक्यात दुसरीच गोष्ट सुरू झाली.

एकोणतीस वर्षांत विनातिकीट पकडलेल्या एकाही माणसाने पहिल्या फटक्याला स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं. कोणी मेहुण्याचं सांगे, कोणी सरपंचाचं. आणि ज्याला काहीच सुचत नसे तो समोर दिसेल ते सांगे. पारोळ्याच्या स्टँडवर एकाने खिडकीतून दिसणाऱ्या दुकानाच्या पाटीवरचं नाव सांगितलं होतं, आडनावासकट, आणि पुढे 'अँड सन्स' म्हणता म्हणता थांबला होता.

रुपचंदने वना सांगितलं. आप्पांनी स्वतः 'चिंधा' सांगितलं होतं. चिंधा हा त्यांचा डेपो मॅनेजर, त्याने एकदा ऐन आखाजीच्या सणाची रजा नाकारली होती.

मग उरलेल्या छत्तीस जणांनी काय सांगितलं असेल?

४

दुपारी पांढरी मोटार येऊन गिरणीसमोर थांबली. काच चार बोटं खाली आली. आत प्रा. डॉ. प्रेमराज होते, आकाशचे मार्गदर्शक; वही गेल्याचं त्याने त्यांना फोनवर कळवलं होतं.

सर महिन्यातून दोनदा जळगावला येत, पण वर कधी येत नसत. गुडघे दुखतात म्हणायचे. त्यांच्या गुडघ्यांना कॉलेजचे तीन मजले चालत, हा एक जिना चालत नसे. आकाश कागद घेऊन खाली उतरे आणि मोटारीच्या बॉनेटवर प्रबंधाची प्रकरणं तपासली जात.

"मी फक्त एवढंच सांगायला आलो, की मला यातलं काही माहीत नव्हतं," सर काचेच्या फटीतून ओरडले. चक्की चालू होती. "समितीपुढेही मी हेच सांगणार!"

"वही चोरीला गेली हे माहीत नव्हतं, की वही आहे हे माहीत नव्हतं?" आप्पांनी विचारलं.

"आपण कोण?"

"क्रमांक अकरा."

सरांनी काच एक बोट वर घेतली. मग शिष्टाचार आठवून पुन्हा खाली केली. "हे बघा, काल मी दिवसभर धुळ्यात चर्चासत्रात होतो, दोनशे माणसं साक्षीला आहेत. आणि ती वही मी कशाला नेऊ? मला तर ती हवी होती. जागेवर! मी शोधनिबंध लिहायला घेतला होता!"

"कशावर?"

आकाशने मध्येच म्हटलं, "सर, ते नको."

पण सरांना कोणी निबंधाविषयी विचारलं, की त्यांना थांबवणं कठीण असे. "आकाशच्या प्रकरणात एक तळटीप आहे. अडतीस जणांच्या यादीत एकच नाव चार वेळा येतं! नाव लिहिलं नव्हतं, बुधवारी मी इथे खोदून विचारलं तेव्हा याने सांगितलं. अडतीसात चार, म्हणजे दहा टक्क्यांच्या वर! याला काहीतरी सामाजिक कारण असणार. मी शीर्षकही काढलंय. नामसाम्य आणि..."

आणि वीज गेली.

चक्की घरघरत थांबली. पण सरांचा आवाज चक्कीच्या हिशेबाने लावलेला होता, तो खाली यायला वेळ लागला.

"...ओळख! चार बन्सीलाल!"

गल्लीत सगळीकडे ऐकू गेलं. समोरच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई थांबून खाली बघायला लागली.

आकाशने डोळे मिटले. "बुधवारी पण असंच झालं," तो हळूच म्हणाला. "याच वेळेला. अस्सेच दिवे गेले. माझी चूक, आप्पा. सरांना मी नाव सांगायलाच नको होतं."

आप्पा ऐकत नव्हते. त्यांची नजर वर गेली होती. दोन वर्षांत ज्या पाटीखालून ते हजारदा गेले होते, ती पाटी ते पहिल्यांदाच वाचत होते. पिवळ्यावर लाल अक्षरं:

बन्सीलाल पिठाची गिरणी. गहू, ज्वारी, बाजरी व कळणा दळून मिळेल.

५

वर आल्यावर आप्पांनी दार लावलं.

"नानांचं नाव बन्सीलाल आहे?"

"हो," आकाश म्हणाला. "सगळे नानाच म्हणतात."

"बस. आता ऐक, आणि मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या वहीत एकाही माणसाने खरं नाव सांगितलेलं नाही."

आकाशने चष्मा काढला.

"रुपचंदने विरोधी उमेदवाराचं सांगितलं. मी माझ्या साहेबाचं. बाकीच्यांनी कोणाकोणाचे मेहुणे आणि सासरे दिले असतील देवाला ठाऊक. आणि ज्यांना जिना चढेपर्यंत काही सुचलं नाही, त्यांनी शेवटचं जे वाचलं ते सांगितलं. पाटीवरचं. तुझे चार बन्सीलाल म्हणजे सामाजिक कारण नाही रे बाबा. तो रंगाऱ्याचा हात आहे."

"म्हणजे माझी यादी..."

"खानदेशातल्या नावडत्या माणसांची यादी आहे. तिचा वेगळा प्रबंध होईल." आप्पांनी खुर्ची ओढली. "आता चोराकडे बघ. त्या वहीची भीती कोणाला? आमच्यापैकी कोणालाच नाही, कारण आपलं नाव त्यात नाही हे प्रत्येकाला ठाऊक. म्हणजे अडतीसातला कोणी चोर नाही. वही त्याने नेली, ज्याला ती खरी वाटली. बाहेरचा माणूस. पैसे हवे असते तर लॅपटॉप गेला असता. बदनामी करायची असती तर मोबाइलवर फोटो काढले असते, वही न्यायची गरज नव्हती. म्हणजे त्याला एक नाव तपासायचं होतं, आणि वाचून झाल्यावर ती वही तिथे ठेववेना."

आकाश चष्मा पुसत होता. काच कधीच स्वच्छ झाली होती, तरी तो पुसत होता.

"बुधवारी वीज गेली. सरांनी नाव ओरडून सांगितलं. तेव्हा खाली गिरणीत कोण होतं? गुरुवारी सव्वाचारला चक्की थांबली. पट्टा निसटला म्हणे. पट्टा निसटला तर बसवायला पाच मिनिटं लागतात, पंचवीस नाही. त्या पंचवीस मिनिटांत कोणीतरी अनवाणी वर आलं. आणि फळीवर पीठ दिसल्याबरोबर, चोरी करता करता, पदराने कोपऱ्यासकट पुसून काढलं. पुरावा पुसायला नाही. जन्मभर पीठ पुसलेल्या बाईला ते बघवेना म्हणून."

वीज अजून आली नव्हती.

"तुला काही सांगायचंय?" आप्पांनी विचारलं.

"नाही," आकाश म्हणाला.

हे उत्तर आप्पांना खटकलं. पोराचं चार वर्षांचं काम वाचणार होतं. त्याने उडी मारायला हवी होती. निदान आश्चर्य तरी वाटायला हवं होतं. तिकीट नसलेला माणूस खिडकीबाहेर बघतो, तसा आकाश खिडकीबाहेर बघत होता. पण याच्याकडे तर तिकीट होतं.

मग हा लपवत कोणाला होता?

६

पाच वाजून गेले होते. शेवटचं गिऱ्हाईक डबा घेऊन गेलं, तसे आप्पा गिरणीत जाऊन पोत्यावर बसले. वीज आली होती, पण दळायला काही नव्हतं.

"ताई, वही द्या."

पुष्पाबाईंनी नाकारलं नाही. आश्चर्यही दाखवलं नाही. झाडू ठेवला, हात पदराला पुसले, कोपऱ्यातला ज्वारी-उडदाच्या कळण्याचा मोठा डबा उघडला आणि कोपरापर्यंत हात घालून वही काढली. मग ती पुसली. पुढून, मागून आणि कोपरे.

"फाडाले काढी व्हती. चुल्हामा टाकसू म्हनं."

"मग?"

"बाकीना लोकेसनी मन्हं काय करं?" त्यांनी वही मांडीवर ठेवली. "सकाळले वृषालीताईकडथीन तपासी लिन्हं. ठीक शे मन्हं. त्या पोरीनी एक सबद इचारा नही."

आप्पांनी घसा साफ केला. हे काम त्यांना आवडत होतं. आयुष्यात पहिल्यांदा ते कोणाला तरी सोडून देणार होते.

"ताई, तुम्ही दोन दिवस उगाच जिवाला घोर लावून घेतला. यात कोणाचंच नाव खरं नाही." आणि त्यांनी सगळं सांगितलं. वना, चिंधा, पारोळ्याचा अँड सन्स, पाटी. "चारही बन्सीलाल तुमच्या पाटीवरून उचललेले. नानांचा काही संबंध नाही. संध्याकाळी नाना आले की गरम भाकरी वाढा आणि विसरून जा."

पुष्पाबाई ऐकत होत्या. वना आणि चिंधाला त्या हसल्यासुद्धा. मग त्यांनी वही उघडली.

"हाऊ दखा. क्रमांक एकवीस, बन्सीलाल. सव्वीस, बन्सीलाल. तेहतीस, बन्सीलाल. ह्या पाटीना. ह्या तुम्हना." पान उलटून त्यांनी कापूस गुंडाळलेलं बोट पहिल्या पानावर ठेवलं. "आनि हाऊ?"

आप्पांनी चष्मा लावला. क्रमांक चार. बन्सीलाल. पिंप्राळा. अकरा जुलै. मुलाखतीचं ठिकाण, धुळे.

"तुम्ही आठे दिवाळीमा ऊनात," पुष्पाबाई म्हणाल्या. "पाटी दसराले लागनी. मी सोता रंगाराले हळदना चहा पाजा व्हता, त्याले सर्दी व्हती. जुलै महिनामा आठे पाटी कोठे व्हती, आप्पा?"

आप्पांनी बोटांवर महिने मोजले: जुलैत इथे ना केंद्र होतं, ना ती पाटी.

आता सगळंच जागेवर बसत होतं, त्यांना नको असताना. अकरा मालकांनी नाकारलेल्या पोराला आपणहून बोलावून जागा देणारे नाना. चक्की चालू असली की वरचं बोलणं ऐकू जात नाही, हे सांगणारे नाना. महिन्याला तुटणारा पट्टा. आणि वर बसलेला तो शहाणा पोरगा. त्याला काल संध्याकाळपासूनच संशय असणार. एक शब्द बोलला असता तर त्याची पीएच.डी. वाचली असती, आणि तो बोलला नव्हता. बोलायचं म्हणजे आधी क्रमांक चार कोण हे सांगायला लागलं असतं.

"आप्पा."

"बोला ताई."

"ह्या अडतीस मानसेसमा खरं नाव कितला लोकेसनी सांगं?"

आप्पांच्या मनात एक सोईस्कर उत्तर येऊन गेलं. तारीख चुकली असेल. लिहिणारा पोरगा आहे, घोटाळा होतो. पण समोर बसलेल्या बाईने दिवाळी-दसऱ्याचा मेळ त्यांच्या आधी घातला होता.

"एकाने," ते म्हणाले.

"बठ्ठासमा एकच?"

"एकच."

पुष्पाबाईंनी वही मिटली. पुठ्ठ्यावरून एकदा हात फिरवला.

"येडा शे," त्या म्हणाल्या. "लगीन ठरावाले उना, तव्हय मन्हा बापनी वय इचारं. बठ्ठा पोरं दोन वरीस कमी सांगेत. हाऊ खरं सांगी दिन्हं." डोळ्यांना त्यांनी पदर लावला नाही. वही आप्पांच्या हातात दिली. "आकाशले सांगा, पान एक भी फाडं नही. मोजी ले म्हना."

दारात सावली पडली. नाना होते, हातात काळा रबरी पट्टा, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग आप्पांकडे, मग आप्पांच्या हातातल्या निळ्या पुठ्ठ्याकडे. पट्टा त्यांनी हळूच पोत्यावर ठेवला.

"मी निघतो," आप्पा म्हणाले.

"बसा, नाना," पुष्पाबाई म्हणाल्या.

आप्पा जिना चढले. आकाश बाहेरच्या खोलीत उभाच होता. त्याने वही घेतली, उघडली नाही, छातीशी धरली.

"माझं एका अंकानं चुकलं," आप्पा म्हणाले. "तीन पाटीवरचे. तुला कालच कळलं होतं."

"चार नंबरला शब्द दिला होता, आप्पा."

"आणि उद्या समितीला काय सांगणार होतास?"

"हरवली म्हणून."

आप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. या पोराने अडतीस खोटी नावं गोळा केली म्हणून सकाळपासून ते मनातल्या मनात हसत होते. आता हसू येईना. "ती तळटीप काढून टाक," ते म्हणाले. "सरांना दुसरं काहीतरी सामाजिक कारण शोधू दे."

खाली खट्कन बटण दाबल्याचा आवाज आला. चक्की सुरू झाली. जमीन थरथरायला लागली, कपाटाचं दार नेहमीसारखं वाजू लागलं. पण आवाज नेहमीचा नव्हता. कोरडा, करकरीत, दगडावर दगड.

"रिकामी फिरतेय," आकाश दचकून म्हणाला. "आप्पा, चक्कीत दाणा नाही. दगड खराब होतील. ताईंना सांगू का?"

आप्पांनी दाराला आतून कडी घातली आणि खुर्चीवर टेकले.

"बस," ते म्हणाले. "त्यांना बोलायचंय."